आईची धाप आणि फुंकणी

आईने कधी विडी ओढली नाही, पण चाळीस वर्षे चुलीपुढे बसून लाकडांचा आणि गोवऱ्यांचा धूर मात्र घेतला. साठी उलटल्यावर सहा पायऱ्या चढल्या की ती कठडा धरून उभी राहू लागली. घरात सगळे त्याला दमाच म्हणत. स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून फुफ्फुसांची ताकद मोजायची तपासणी, केल्यावर सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार, असल्याचे कळले.

औषध श्वासातून घ्यायचा पंप मिळाला, पण ती तो कसा घेते हे कोणी पाहिलेच नाही. आधी पंप दाबायचा आणि मग श्वास ओढायचा, अशा तिच्या पद्धतीमुळे औषध जिभेवर आणि घशातच बसत होते. दोन वर्षांनी एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी "आजी, एकदा माझ्यासमोर घ्या," असे म्हटले तेव्हा ही चूक उघडकीला आली. त्यांनी पंपाला स्पेसर, म्हणजे औषध आधी साठवून धरणारी पोकळ नळी, लावायला, सावकाश खोल श्वास घेऊन तो दहा सेकंद रोखायला आणि नंतर चूळ भरायला शिकवले.

त्यांनीच पुढे फुफ्फुसांच्या पुनर्वसनाचा आठ आठवड्यांचा कार्यक्रम सुचवला. जिला चालताना धाप लागते तिलाच चालायला लावायचे, हे मला पटेना. धापेच्या भीतीने माणूस बसून राहतो, बसून राहिल्याने मांड्यांचे स्नायू रोडावतात आणि असे स्नायू थोड्याशा कामालाही जास्त श्वास मागतात, म्हणून फुफ्फुस पूर्ववत होत नसले तरी पाय सुधारले की धाप कमी होते, असे त्यांनी समजावले. पहिल्या दिवशी सहा मिनिटांत आई २१० मीटर चालली होती. शेवटी २६५ मीटर चालली. स्पायरोमेट्रीचे आकडे होते तिथेच राहिले.

ओठांचा चंबू करून श्वास हळूहळू सोडायचा व्यायाम मात्र तिला शिकवावा लागला नाही. "फुंकणीच की ही, फक्त घाई करायची नाही," असे ती म्हणाली. श्वासनलिका लवकर मिटू नयेत आणि आत अडकलेली हवा बाहेर पडावी, यासाठी तो असतो.

कोरोनाच्या काळात घेतलेले ऑक्सिजनचे यंत्र घरात पडून होते आणि धाप लागली की ते लावावे असा माझा आग्रह असे. विश्रांतीच्या वेळीही रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण ८८ टक्के किंवा त्याखाली राहत असेल, तरच ते दीर्घकाळ आणि रोज किमान १५ तास लावण्याचा उपयोग होतो, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर मी गप्प बसलो. आईचे प्रमाण ९३ होते.

कार्यक्रम संपला आणि पावसाळा लागला. व्यायाम सुटला तर कमावलेले काही महिन्यांत जाते, म्हणून आता ती ओसरीतच फेऱ्या मारते आणि हिशेब चुकू नये म्हणून दर फेरीला एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत टाकते.