तेल तरंगतं, मग तळाचा चिखल कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. तेलगळतीच्या अभ्यासासाठी जहाजावर जाते म्हटलं की हमखास विचारतात, तेल तर पाण्यावर तरंगतं, मग तुम्ही तळाचा चिखल कशाला काढत बसता?

मेक्सिकोच्या आखातातलंच बघा. २० एप्रिल २०१० ला डीपवॉटर होरायझन या समुद्रात तेलविहीर खोदणाऱ्या तरंगत्या मंचावर स्फोट झाला, ११ कामगार गेले, आणि मग ८७ दिवस त्या विहिरीतून तेल सुटत होतं ते साधारण १५०० मीटर खोलवरून. एवढ्या खोलातून सगळं तेल वर येतच नाही, बारीक थेंब नि विरघळलेले वायू ११०० मीटरच्या आसपास अडकून आडवे पसरले, अमेरिकेतल्या वुड्स होल या समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी त्या जूनमध्ये सेंट्री नावाचं पाण्याखाली आपोआप फिरणारं यंत्र सोडून असा ३५ किलोमीटरहून लांब पट्टा शोधला, आणि विमानातून बघणाऱ्याला त्यातलं काही म्हणजे काही दिसणार नव्हतं.

बरं, जे वर आलं तेही सगळं वर राहिलं नाही. जिवाणू चिकट स्राव सोडतात, त्यात मेलेलं प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव), माती, तेल असं सगळं अडकून गोळे होतात आणि खाली बसतात. विहिरीपासून ११ किलोमीटरवरची प्रवाळं अशाच तपकिरी गाळाने माखलेली सापडली, फार वाईट वाटतं ते फोटो बघताना.

म्हणून चिखल. कोरर, म्हणजे तळात नळ्या खुपसून चिखल उचलणारं यंत्र, डेकवर आला की पारदर्शक नळ्यांमध्ये वर पाणी, खाली चिखल आणि मध्ये नुकत्याच खाली बसलेल्या गाळाचा तो हलका भुरभुरीत थर, नळीला जरा धक्का लागला तरी उधळतो. तर पाणी हळूच काढायचं, चिखल खालून वर ढकलत पातळ चकत्या कापायच्या, भट्टीत तापवून साफ केलेल्या काचेच्या बरणीत भरायच्या नि तडक फ्रीझरमध्ये. हाताला क्रीम नाही, जहाजाच्या डिझेलचा धूर येतो तिथे उभं राहायचं नाही, नाहीतर आपलंच तेल नमुन्यात. पुढे लॅबमध्ये होपेन शोधतात, तेलातला हा रेणू सहजासहजी कुजत नाही, त्याच्यावरूनच २०१४ मध्ये सुमारे ३२०० चौरस किलोमीटर तळावर ते तेल बसल्याचा अंदाज निघाला.

आणि हो, जिथे गळती झालेलीच नाही तिथलाही चिखल आणतो. आखाताच्या तळातून एरवीही नैसर्गिकपणे तेल झिरपत असतं, त्यामुळे आधी तिथे काय होतं हे माहीत नसेल तर नुकसान किती झालं ते कशावरून सांगणार?