आमच्या बाळासाठी आम्ही रचलेली प्रार्थना

आम्हा बेने इस्राएलींच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या मराठी ज्यूंच्या घरात प्रत्येक प्रसंगी काही ना काही म्हणायचं असतं. भाकरी मोडताना ब्राखा, म्हणजे देवाची स्तुती करणारं छोटं वचन, वीज चमकली तरी ब्राखा. नवस फिटला की एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने गोड पोह्यांचा मलिदा. पण गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यात माझं बाळ पोटातच गेलं, तेव्हा कळलं की यासाठी आपल्याकडे शब्दच नाहीत. जन्मून तीस दिवसही न जगलेल्या बाळासाठी परंपरेने शिवा, म्हणजे सात दिवस घरी बसायचं सुतक, पाळत नाहीत, मृतांसाठीची कद्दीश ही प्रार्थना म्हणत नाहीत. पूर्वी घरोघरी इतकी बाळं जायची, की दर वेळी सात दिवस बसायचं तर बाई उठलीच नसती. नियमामागे दयाच असावी. मला मात्र बसायचं होतं.

ठाण्याच्या सिनेगॉगमधल्या, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिरातल्या, एका जाणत्या काकांना विचारलं. त्यांनी टाळलं नाही. म्हणाले, "देवाचं नाव घेऊन नवा ब्राखा रचायचा नाही, ते नाव व्यर्थ घेतल्यासारखं होतं. पण 'तुझी मर्जी असो' असं म्हणून आपल्या भाषेत मागायला कोण अडवतंय? आणि तेहिलीम, म्हणजे बायबलमधली स्तोत्रं, कधीही वाच." मग त्यांनी बायबलमधल्या हन्नाची आठवण करून दिली. मूल नाही म्हणून ती शिलोच्या मंदिरात रडली, तिचे नुसते ओठ हलत होते, याजकाला वाटलं ही प्यायलेली आहे. त्याच हन्नावरून आमच्या धर्मगुरूंनी प्रार्थना कशी करावी याचे नियम घेतले. एका बाईने स्वतःच्या शब्दांत केलेली प्रार्थना! मला तेवढा आधार पुरला.

अमेरिकेतल्या मावसबहिणीने तिकडच्या बायकांनी लिहिलेले असे विधी पाठवले. सुंदर होते, पण माझ्या तोंडी बसेनात. मला मराठीच हवी होती, आणि त्यात नवं काहीच नाही. पेसाह सणाच्या रात्री वाचायची आमची हगादा 1846 सालीच मुंबईत मराठी अर्थासह छापली गेली, आणि पुढे बायबलमधल्या कथांची कीर्तनंही झाली.

लिहायला बसल्यावर खरा वाद एका ओळीवरून झाला. आई आणि आत्या दोघींनाही 'पुन्हा कूस उजव' ही ओळ हवी होती. मी ती काढायला लावली. ही प्रार्थना पुढच्या बाळासाठी नव्हती, याच बाळासाठी होती. 'आमच्या पापांची क्षमा कर' हेही काढलं, कारण यात कोणाचंच पाप नव्हतं. उरलं ते असं:

आमच्या वाडवडिलांच्या देवा, तुझी मर्जी असो,
ज्याचं तोंड आम्ही पाहिलं नाही, ते तुझ्या नजरेआड नसावं.
त्याचं नाव आम्ही ठेवलं नाही, तू त्याला हाक मार.
माझ्या अंगाला आता विसावा दे.

जागा ठरवायला वेळ लागला नाही. अलिबागजवळचं नवगाव. आमचे पूर्वज जहाज फुटून तिथेच किनाऱ्याला लागले आणि बुडालेल्यांना तिथेच पुरलं, असं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. त्यातल्या एकाचंही नाव कोणाला माहीत नाही, तरी आम्ही तिथे जातो, हात जोडतो. माझं निनावी बाळ तिथे परकं नव्हतं.

नवऱ्याने 139वं स्तोत्र वाचलं. आईच्या पोटात आकार घेण्याआधीच देवाने मला पाहिलं, अशा अर्थाची ओळ त्यात आहे. तिथे त्याचा आवाज फुटला आणि पुढचं आत्याने वाचलं. मी समुद्रात डोक्यापर्यंत बुडी घेतली. समुद्राचं पाणी मिकव्याला, म्हणजे शुद्धीच्या स्नानाला, चालतं, हे काकांना आधीच विचारून घेतलं होतं. वर आल्यावर सगळ्यांनी उकडलेली अंडी खाल्ली, सुतकाच्या घरी देतात तशीच.

नंतर ओळखीतल्या एकीने हा कागद मागितला. तिचं दुसऱ्याच महिन्यात गेलं होतं. तिने नावाची ओळ गाळली, समुद्रावर न जाता घरीच दिवा लावला. आत्याचं अजून म्हणणं आहे की दहाजण जमवून कद्दीशही म्हणायला हवा होता. काकांना ते पटत नाही. मी दोघांनाही सांगितलंय, की पुढच्या शब्बाथनंतर, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस संपल्यावर, समोरासमोर बसून बोलू.