शून्य म्हणजे ठणठणीत

स्क्रीनवर सर्व्हरच्या चोवीस डिस्क दिसत होत्या. तेवीस राखाडी, म्हणजे 'माहीत नाही', आणि एक हिरवी, म्हणजे 'उत्तम'. मला वाटलं, चला, एक तरी नीट वाचली गेली, बाकीच्यांचं बघू. खरं तर त्या चोवीसांत आजारी होती ती हिरवीच.

आमचा डिस्कवर नजर ठेवणारा प्रोग्राम विंडोजच्या जुन्या व्हर्च्युअल डिस्क सर्व्हिसवर, म्हणजे व्हीडीएसवर लिहिलेला होता. ती सर्व्हर २००३ पासूनची. विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२ पासून तिच्या जागी नवा स्टोरेज मॅनेजमेंट एपीआय (प्रोग्रामने विंडोजला डिस्कबद्दल विचारायची सोय) आला, म्हणून मी कोड तिकडे हलवत होतो. फंक्शनं बदलली, पण आकडा पाहून रंग ठरवणारा कोडचा छोटासा तुकडा, म्हणजे स्विच, तसाच राहू दिला. आकडे तेच असतील असं मी धरून चाललो होतो.

व्हीडीएसमध्ये तब्येतीचा कोड ० म्हणजे माहीत नाही आणि १ म्हणजे उत्तम. नव्या एपीआयमध्ये फिजिकल डिस्कच्या हेल्थस्टेटसला ० म्हणजे उत्तम, १ म्हणजे वॉर्निंग, २ म्हणजे अनहेल्दी, आणि 'माहीत नाही' थेट ५ वर. त्यामुळे तेवीस धडधाकट डिस्क 'माहीत नाही' झाल्या आणि वॉर्निंग देणारी हिरवीगार. तिचं ऑपरेशनलस्टेटस, म्हणजे कामाची स्थिती सांगणारा वेगळा कोड, मी हाताने काढून पाहिलं तर तिथे ५ होता: प्रेडिक्टिव्ह फेल्युअर. म्हणजे डिस्क चालू आहे, वाचते-लिहिते आहे, पण लवकरच जाईल असं ती स्वतःच सांगते आहे. त्याच संध्याकाळी ती बदलली.

मला मनापासून व्हीडीएसची रीत जास्त पटते. माहिती ठेवायचा साचा, म्हणजे स्ट्रक्चर, आधी शून्याने भरलं आणि पुढे कुणी त्यात काही लिहिलंच नाही, तर उत्तर 'माहीत नाही' असं यावं. 'उत्तम' असं मुळीच येऊ नये.

या निमित्ताने जुनी आणखी एक चूक सापडली. व्हीडीएसच्या स्टेटसमध्ये ४ म्हणजे ऑफलाइन, ५ म्हणजे फेल्ड, ६ म्हणजे मिसिंग. माझा कोड मात्र १ म्हणजे ऑनलाइन सोडून सगळ्यांना एकच शेरा मारत होता: 'डिस्क बिघडली'. ऑफलाइन डिस्क पूर्ण शाबूत असू शकते. क्लोन केलेली, म्हणजे हुबेहूब नक्कल असलेली डिस्क मूळ डिस्कच्या शेजारी लावली की दोघींची ओळख सारखीच निघते, आणि एकीला मुद्दाम बाजूला ठेवलं जातं. नव्या एपीआयमध्ये त्यासाठी ऑफलाइनरीझन, म्हणजे ऑफलाइन असण्याचं कारण, वेगळं मिळतं: १ म्हणजे पॉलिसी (ठरवून दिलेला नियम), ४ म्हणजे ही अशी टक्कर, ६ म्हणजे लिहिण्यात गंभीर अपयश. यातल्या ४ ला डिस्क उपसून काढायची काहीच गरज नसते. ६ ला मात्र झोपेतून उठावं लागतं.

आता रंगांचा तक्ता मी नव्याने लिहिला आहे, आकड्यांऐवजी नावांनी. ज्या कोडचं नाव त्यात नाही तो कच्च्या आकड्यासकट लाल दिसतो. काल पहिल्यांदा सगळ्या चोवीस हिरव्या दिसल्या. तरीही मी त्यातल्या तीन हाताने तपासल्या. तिन्हींचं हेल्थस्टेटस ० होतं.