तुम्ही विचारलंत म्हणून: कपड्यांनी आत्मविश्वास वाढतो का?

"चांगले कपडे घातले की आत्मविश्वास वाढतो म्हणतात, ते कितपत खरं?" हा प्रश्न वारंवार येतो, आणि विचारणाऱ्याला बहुतेकदा "हो" ऐकायचं असतं. माझं उत्तर थोडं वाकडं आहे. चांगला कपडा नवा स्वभाव देत नाही. नीट न बसणारा कपडा मात्र असलेला आत्मविश्वास खातो, आणि कुठून खातो ते शिवणीवर बोट ठेवून दाखवता येतं.

"हो" म्हणणारे 2012च्या एका प्रयोगाचा हवाला देतात. हायो अ‍ॅडम आणि अ‍ॅडम गॅलिन्स्की यांनी लोकांना पांढरा कोट घालायला दिला. तो डॉक्टरचा आहे असं सांगितलं तेव्हा लक्ष जास्त एकाग्र झालं. तोच कोट चित्रकाराचा म्हटल्यावर तसं झालं नाही. गोष्ट छान आहे, पण 2019मध्ये इतर संशोधकांनी त्यातला एक प्रयोग जास्त लोकांवर पुन्हा केला तेव्हा परिणाम दिसलाच नाही. त्यामुळे कोट चढवून हुशार व्हायची आशा जरा बाजूला ठेवावी.

मला 1998चा बार्बरा फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांचा प्रयोग जास्त उपयोगाचा वाटतो. आरसा असलेल्या खोलीत एकटीनेच, पोहण्याचा पोशाख किंवा स्वेटर घालून गणितं सोडवायची. पोहण्याच्या पोशाखातल्या स्त्रियांना गुण कमी पडले. बघणारं कोणी नव्हतं, तरी मनाचा एक भाग अंगाकडे बघत राहिला आणि गणिताला उरलेलाच भाग मिळाला. घट्ट कॉलर किंवा वर सरकणारा शर्ट हेच करतो, फक्त हळूहळू आणि दिवसभर.

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे मुंढा, बाही जिथे अंगाला जोडतात तो गोल. तयार कपड्यात तो बऱ्याचदा मुद्दाम खोल ठेवतात, म्हणजे वेगवेगळ्या बांध्यांना एकच माप चालतं. घालून बघताना तो ऐसपैस वाटतो. पण मुंढा जितका खाली, तितकं मनगटापासून काखेतून शर्टाच्या काठापर्यंतचं कापड कमी. हात वर केला की ते पुरत नाही, मग अख्खा शर्ट वर ओढला जातो आणि पोट उघडं पडतं. असं दोनदा झालं की माणूस हात वर करायचाच टाळतो. कोपरं अंगाला चिकटवून बोलतो, फळ्यावर लिहायला पुढे होत नाही, आणि समोरच्याला वाटतं की हा बुजरा आहे. काही दिवसांनी त्याला स्वतःलाही तसंच वाटायला लागतं. काखेच्या खाली 2 सेंमीच्या आसपास अंतर साध्या शर्टाला पुरतं. खोल मुंढा नंतर वर घेता येत नाही, कापड तिथून कापूनच गेलेलं असतं. म्हणून तसा शर्ट कितीही आवडला तरी घेऊ नये.

बाकीच्या जागा पटकन तपासता येतात. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर यावी. कॉलरचं बटण लावल्यावर आत दोन बोटं जावीत. छातीच्या मापापेक्षा शर्टाचा घेर 8 ते 12 सेंमी जास्त हवा. बटणापासून चारी बाजूंना फुलीसारख्या सुरकुत्या पडल्या तर तो कमी आहे. पँटचं आसन, म्हणजे कंबरेपासून दोन पायांमधल्या शिवणीपर्यंतचा भाग, आखूड असेल तर बसल्यावर कंबरपट्टा मागून खाली जातो आणि हात सारखा पाठीमागे जातो. हे उभं राहून कधीच कळत नाही. ट्रायल रूममध्ये आपण पोट आत घेऊन ताठ उभे असतो; त्या अवस्थेत दिवसातली पाच मिनिटंही कोणी जगत नाही. तिथे बसा, वाका, हात डोक्यावर न्या, बुटाची लेस बांधायचं नाटक करा.

मापाच्या आकड्याचंही तसंच. एका उत्पादकाचा मीडियम दुसऱ्याचा लार्ज असतो, तरी लोक त्या चिठ्ठीला वजनकाट्याचा मान देतात आणि एक माप लहान घेतात. "बारीक झाल्यावर होईल" म्हणून जपलेली पँट कपाटात समोरच असेल तर रोज सकाळी ती तुम्हाला नापास करते. ती नजरेआड ठेवा. खरेदीला जाताना चिठ्ठीवर विसंबू नका: उत्तम बसणारा शर्ट बटणं लावून सपाट अंथरा, काखेपासून काखेपर्यंत मोजा, दुप्पट करा आणि तो आकडा सोबत न्या.

रंगांबद्दलही विचारतात, लाल घातला की धीट दिसतो का वगैरे. आवडेल तो घाला. लोक आपल्याकडे आपल्याला वाटतं तेवढं बघत नाहीत. टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांच्या 2000 सालच्या प्रयोगात एका गायकाचं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून विद्यार्थ्यांना इतरांसमोर पाठवलं होतं. घालणाऱ्यांना वाटलं जवळपास निम्म्या लोकांच्या लक्षात येईल. आलं जेमतेम चौथ्या हिश्श्याच्या.

मुलाखत, भाषण असं काही असेल तर कपडा आधी एकदा धुऊन घ्या. आधी न आटवलेलं सुती कापड 3 ते 5 टक्के आटू शकतं, म्हणजे 60 सेंमीची बाही 2 ते 3 सेंमी आखूड होते आणि मनगट उघडं पडतं. मग घरात तासभर घालून नेहमीची कामं करा आणि हात कपड्याकडे किती वेळा जातो ते मोजा. दोन-तीनदा ठीक. दहा वेळा एकाच जागी जात असेल तर दोष तिथेच आहे.

शिंप्याकडे नुसतं "फिटिंग करून द्या" म्हणालात तर तो कंबर आत घेईल, कारण ते सगळ्यात सोपं. कपडा अंगावर घालून हात नेमका कुठे जातो ते दाखवा. आत घेणं सहसा जमतं. सैल करायला शिवणीत कापड दाबलेलं लागतं. शिवण उलटून बघा, जेमतेम 1 सेंमी असेल आणि कड ओव्हरलॉक केलेली (कापून दोऱ्याने गुंफलेली) असेल तर सोडायला काहीच नाही. खांद्याला हात लावायचा तर बाही उसवून पुन्हा बसवावी लागते, आणि त्या खर्चात बहुतेकदा दुसरा शर्ट येतो.