जुन्या फोर-बाय-फोर ट्रकचे ब्रेक आणि घरी बनवलेली हत्यारं

माझ्या जुन्या फोर-बाय-फोर ट्रकच्या मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक ड्रम उतरवला तर ब्रेक लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणारे पट्टे, गिअर ऑइलने चिंब भिजलेले. म्हणजे नुसते लायनर बदलून भागणार नव्हतं. हबचं, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या भागाचं, ऑइल अडवणारं सील गेलं होतं, आणि सीलपर्यंत पोचायचं तर अख्खा हब बाहेर काढणं आलं. अशा ट्रकच्या मागच्या एक्सलमध्ये गाडीचं वजन चाक फिरवणाऱ्या शाफ्टवर नसतं. हब दोन टेपर बेअरिंगवर फिरतो आणि त्याला धरून ठेवतात दोन मोठे, पातळ नट. मध्ये वाकवायची लॉक वॉशर. नट ५४ मिमीचा आणि हबच्या आत खोल बसलेला. साधा पाना तिथे पोचतच नाही.

बरेच जण इथे छिन्नी-हातोडा काढतात. नट फिरतो, पण त्याचे कोपरे जातात, लोखंडाचे कण बेअरिंगमध्ये पडतात आणि परत बसवताना नट किती आवळला याचा काहीच अंदाज राहत नाही. मला ते पटत नाही. म्हणून या नटासाठी खोल पाना घरीच बनवला. आधी जुना सुटा नट मिळवला आणि त्यालाच साचा केलं. नटाभोवती जाड कागदाचा एक वेढा दिला, म्हणजे तेवढी फट राहते. सहा बाजूंना ५ मिमी जाडीच्या सहा पट्ट्या तारेने बांधल्या आणि त्या एकमेकींना वेल्डिंगचे टाके मारून जोडल्या. नट ठोकून काढला, मग मागे पाइपचा तुकडा पूर्ण वेल्ड केला आणि पाइपला आरपार भोक पाडून टॉमी, म्हणजे फिरवायची आडवी दांडी, घातली. हबच्या आतल्या भिंतीला घासू नये म्हणून बाहेरचे कोपरे ग्राइंडरने गोल केले. पाना दिसायला ओबडधोबड आहे, पण सहाही बाजू सारख्या पकडतो.

त्याचा खरा उपयोग बसवताना कळतो. हब फिरवत फिरवत नट आवळायचा, थोडा सैल करायचा, पुन्हा हलका आवळायचा. मग चाकाच्या स्टडला, म्हणजे चाक आवळायच्या बोल्टला, स्प्रिंग काटा अडकवून आडवा ओढायचा आणि हब फिरायला लागताना काटा किती दाखवतो ते पाहायचं. तो आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. वजनाचा साधा काटा या कामाला पुरतो.

लायनर ज्यावर बसवलेले असतात त्या ब्रेक शूच्या स्प्रिंगसाठी गोल दांड्याचा जुना मोठा स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि टोकाला कानशीने खाच पाडली. स्प्रिंगचा हूक दांड्यावरून सरकवायचा, खाच अँकर पिनवर, म्हणजे स्प्रिंग अडकवायच्या खुंटीवर, टेकवायची आणि मूठ उचलायची. हूक घसरत जाऊन पिनवर बसतो. डोळ्यांवर चष्मा हवाच, या स्प्रिंग माया दाखवत नाहीत. शू काढल्यावर त्यांना ढकलणाऱ्या व्हील सिलेंडरचे पिस्टन बाहेर येऊ नयेत म्हणून जुन्या ट्यूबचा कापलेला रबरी पट्टा पुरला. ब्रेक पाइपच्या नटासाठी मात्र रिंग पान्यालाच ग्राइंडरने खाच मारली, पाइप आत सरकेल एवढीच. पाना जाड आणि चांगल्या लोखंडाचा हवा. हलका असेल तर तोंड फाकतं आणि नट गोल होतो.

ब्रेकच्या पाइपमधली हवा काढताना पेडल दाबायला दुसरा माणूस नको म्हणून मास्टर सिलेंडरच्या, म्हणजे पेडलने चालणाऱ्या मुख्य सिलेंडरच्या, ऑइलच्या टाकीचं एक जास्तीचं झाकण घेतलं. त्याला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवला आणि हाताने दाबायच्या फवारणी पंपाची नळी त्याला जोडली. पंपात फक्त हवा, आणि पंप कोरडा ठक्क हवा, कारण डॉट ३ आणि डॉट ४ जातीचं ब्रेक ऑइल पाणी ओढून घेतं. दाब १० पीएसआयच्या आसपास ठेवला; जास्त दिला तर झाकणाजवळून ऑइल उडतं आणि रंग खातं. मास्टर सिलेंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी. चाकाजवळच्या हवा सोडायच्या निपलला पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं, बुडबुडे थांबले की निपल बंद. टाकीतली पातळी सारखी बघत राहावी लागते, आणि झाकण उघडण्याआधी दाब सोडावा लागतो. एवढं सांभाळलं तर हे काम एकट्याने निवांत होतं.

लायनर दोन्ही बाजूंचे बदलले. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक मारताना गाडी ओढते. ड्रममधली भुकटी हवेने उडवली नाही, पाणी मारून ओल्या फडक्याने पुसली. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो.

घरी काय बनवायचं याची माझी रेघ सरळ आहे. हत्यार मोडलं तर बोट सोलवटेल, इथपर्यंत चालेल. गाडीखाली लावायचे स्टँड त्यामुळे विकतचेच. ब्रेकचे पाइपही तसेच: स्टीलचे, दुहेरी फ्लेअर केलेले, म्हणजे टोक पसरवून दुमडलेले. फ्रीजच्या तांब्याच्या नळीचा तुकडा तिथे जोडलेला मी पाहिला आहे. कंपनाने तांबं तडकतं आणि पेडल थेट तळाला जातं.