जेवलीस का? हो, जेवले.

परवा मामीचा फोन आला. मामेबहिणीला ठाण्यात अ‍ॅडमिशन मिळालंय, बीएस्सी फर्स्ट इयर, कळव्याला रूम बघितलीये चार मुलींमध्ये, आणि मामीने मला यादीच वाचून दाखवली, बादली-मग, गादी, कुकर (पीजीत कुकर लावू देत नाहीत मामी, हे दोनदा सांगितलं), तुपाची बरणी, कळण्याचं पीठ, दोन छत्र्या. अजून काय राहिलं गं? मी म्हटलं निघायच्या आधी तिचं सीबीसी करून घे. मामीला वाटलं हा अ‍ॅडमिशनचाच कुठला तरी फॉर्म. अगं, रक्ताची तपासणी असते ती, हिमोग्लोबिन वगैरे कळतं.

म्हणून हे लिहितेय, मामेबहिणीला लिंक पाठवणार आहे.

मी चाळीसगावहून कोपरखैरण्याला आले तेव्हा माझीही यादी अशीच भरगच्च होती. कॉलेज नेरूळला, पहिलं लेक्चर 7:20 चं, म्हणजे साडेपाचला बाथरूमच्या लाइनीत उभं राहायचं कारण पाच मुली आणि बाथरूम एक. झोपायला रोज दीड-दोन. अभ्यास करून नाही हां, मोबाईल, आणि रूमची लाइट बंदच व्हायची नाही, एकीचा कॉल संपला की दुसरीचा सुरू. साडेतीन तास झोप मिळायची. या वयात 7 ते 9 तास लागते, आणि त्यात अठरा-एकोणीसला शरीराचं घड्याळच उशिरा चालत असतं, झोप आणणारं हार्मोन लहान मुलांपेक्षा आणि आईबाबांपेक्षाही उशिरा सुटतं, त्यामुळे दहाला आडवं पडलं तरी डोळा लागत नाही. घरचे याला आळस म्हणतात. ज्याने कोणी 7:20 चं लेक्चर शोधून काढलं तो पन्नाशीचा असणार एवढं नक्की.

खाण्याचं तर विचारूच नका. सकाळी वेळ नाही म्हणून काही नाही, अकराला वडापाव आणि चहा, डबा दुपारी रूमवर यायचा तेव्हा मी कॉलेजात, संध्याकाळी उघडला की भाजी आंबलेली. मग रात्री मॅगी. आईचा फोन रोज नऊला. जेवलीस का? हो, जेवले. अगदीच खोटं नव्हतं, चहासोबत दोन खाऱ्या खाल्लेल्या असायच्या. घरी हा प्रश्न मला कधी कोणी विचारलाच नव्हता कारण गरजच नव्हती, अर्धी भाकरी ताटात राहिली की आई लगेच, काय झालं गं? आजीला तर माझ्या पाळीची तारीख माझ्याआधी माहीत असायची, तेव्हा राग यायचा त्याचा. पीजीत ताटाकडे कोणी बघत नाही. तब्येत माझी होती पण तिच्यावर लक्ष ठेवायचं काम अठरा वर्षं दुसरं कोणीतरी करत होतं, आणि ते काम आता माझ्याकडे आलंय हे मला कोणी सांगितलंच नाही.

दिवाळीच्या आधी हाल झाले. सारखं रडू यायचं, लेक्चरमध्ये तेच वाक्य तीनदा वाचायचं तरी डोक्यात काही नाही, दोन जिने चढले की धाप, हात गार, चिडचिड, आणि कच्चे तांदूळ खायची सवय लागली. चोरून, मुठी मुठी. (आजी म्हणायची कच्चे तांदूळ खाल्ले की लग्नात पाऊस पडतो. माझ्या लग्नात ढगफुटी होणार.) रील्स बघून बघून मी स्वतःच ठरवून टाकलं की मला डिप्रेशन आलंय. मग एक दिवस नेरूळ स्टेशनच्या जिन्यावर डोळ्यापुढे अंधारी आली आणि मी खालीच बसले, एका अनोळखी मावशीने लिमलेटची गोळी तोंडात कोंबली आणि म्हणाली, पोरी, आधी डॉक्टरकडे जा.

डॉक्टरांनी डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि पहिलाच प्रश्न, खडू, माती, तांदूळ असलं काही खातेस का? मी लाजेने गप्प. मग पाळीचं विचारलं. दर वीस-बावीस दिवसांनी यायची आणि सात-सात दिवस चालायची, मला ते नॉर्मलच वाटायचं. हिमोग्लोबिन आलं 8.3. बायकांना निदान 12 तरी पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 21 ची, देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना अ‍ॅनिमिया निघालाय. शंभरात सत्तावन्न! आणि शाळेत आठवड्याला ती निळी गोळी मिळायची ना, आठवतंय का, लोहाची, ती आम्ही सगळ्या जणी मॅडमची पाठ वळली की खिडकीबाहेर. आमच्या शाळेमागची बाभूळ एकदम ठणठणीत असेल बघा.

गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं की गोळीच्या आधी-नंतर चहा नाही कारण चहाने लोह अंगी लागत नाही, लिंबूपाण्यासोबत घेतली तर चांगली लागते, शी काळी होईल घाबरू नकोस, आणि आकडा वर आला तरी गोळ्या थांबवायच्या नाहीत, अजून काही महिने चालतात कारण शरीरातला साठा भरायला वेळ लागतो. सगळ्यात जड गेलं ते सकाळचा चहा सोडणं. सोडला. डबेवाल्या काकूंना विनवून दुपारचा डबा सकाळी सातच्या आत घेतला. तीन महिन्यांत 11.4. तांदळाची चटक आपोआप गेली, जिने चढता यायला लागले, वाचलेलं डोक्यात राहायला लागलं.

मग मला वाटलं झालं, डिप्रेशन वगैरे काही नव्हतं, रक्तच कमी होतं. पण रविवार तसाच होता. रविवारी पीजी रिकामं व्हायचं, जवळच्या मुली घरी जायच्या आणि मी संध्याकाळपर्यंत कोणाशीच एक शब्द बोललेली नसायचे. मराठी मीडियममधून आलेली, शाळेत पहिली, आणि इथे प्रेझेंटेशनला उभं राहिले की इंग्लिश घशातच अडकायचं, मागून कोणीतरी हसायचं, कदाचित माझ्यावर नसेलही. आईला सांगायचं तर ती म्हणणार परत ये. बाबांनी फी भरायला कर्ज काढलेलं. आणि पीजीत रडायलाही जागा नाही हो, बाथरूममध्ये गेलं की बाहेरून दार वाजतं.

एका रविवारी गच्चीवर जाऊन 14416 ला फोन लावला. टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, ऑक्टोबर 2022 पासून चालू, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. फार काही ग्रेट झालं असं नाही. पलीकडच्या बाईंनी झोप, जेवण विचारलं, जीव द्यावा असं वाटतं का हेही सरळ विचारलं, इतकं सरळ की मी दचकले आणि मग खरं उत्तर दिलं. म्हणाल्या, कॉलेजात काउन्सेलर आहे का बघ. बघितलं तर होत्या, दुसऱ्या मजल्यावर, आठवड्यातून एक दिवस, दारावर पाटीसुद्धा नाही. मी सहा वेळा गेले.

घरी कळलं तेव्हा मामा म्हणाला, अरे मग ठाण्याला भरती करून टाका, जवळच आहे! आमच्याकडे ठाण्याला पाठवणं म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत, 1901 चं मेंटल हॉस्पिटल आहे ना तिथे. आता मामाचीच मुलगी ठाण्याला चाललीये, स्वखुशीने, सामानासकट. मामा, त्याच ठाण्यात मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्थापण आहे, 1990 पासून, आणि तिथे साधी घरातली माणसं जातात. शिवाय जुलै 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की 100 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक काउन्सेलर पाहिजेच आणि हेल्पलाइनचे नंबर दिसतील असे लावायचे. तेव्हा पहिल्याच आठवड्यात ऑफिसात जाऊन विचार, काउन्सेलर कुठे बसतात. लायब्ररी कार्डाचं विचारतेस तसंच.

आणि हो, पावसाळ्यात ताप आला तर रूममेटच्या पर्समधली ब्रुफेनवाली गोळी घ्यायची नाही, डेंग्यू असला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो तिने. साधी पॅरासिटॅमॉल घे आणि डॉक्टरकडे जा.

काल मामीने तिच्या लेकीचं सीबीसी करून आणलं. हिमोग्लोबिन 9.6. मामी घाबरली, म्हणाली अगं ही तर घरी रोज जेवते! मामेबहिणीला मी सांगितलंय, रोज रात्री मला ताटाचा फोटो टाकायचा, जेवलीस का हे मी विचारणारच नाही. तिचा लगेच मेसेज, ताई, आणि तुझा? मी हे लिहीत लिहीत बिस्किटं खात होते. उठले, भात लावला, फोटो टाकला.