गुडघ्याखालची उशी

गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी आले तेव्हापासून गल्लीतली प्रत्येक बाई एकच विचारायची, "मांडी घालता येस का वं आते?" (म्हणजे, मांडी घालता येते का गं आता?) आपल्याकडे जेवण खाली बसून, भाकरी चुलीपुढे बसून, संडासही देशी. मांडी घालता आली की गुडघा बरा झाला, एवढा साधा हिशोब. मीही तोच धरून होते आणि त्यात पहिले बारा दिवस वाया घालवले. गेल्या आठवड्यात आमच्या संघातल्या एका ज्युनिअर मुलीचा फोन आला. तिचंही एसीएलचं, म्हणजे गुडघ्यातल्या लिगामेंटचं, ऑपरेशन झालंय. तिला घाईघाईत जे सांगितलं ते इथे नीट लिहितेय.

मी कबड्डीत चढाई करते. डिसेंबर 2022 मध्ये अमळनेर तालुक्यातल्या एका गावी मॅटवर सामने होते. बोनस गुण घेतला, उजव्या कोपऱ्यातल्या खेळाडूला हूल दिली आणि परत वळताना डावा पाय मॅटला धरूनच राहिला. अंग फिरलं, गुडघा आत गेला. मला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. आतून 'कट' झालं, ते कानाला नाही, मांडीला कळलं. दोन तासांत गुडघा पपईएवढा सुजला.

घरच्यांनी पाय चोळून देणाऱ्याकडे नेलं. तेल, पट्टी, पुन्हा तेल. सूज उतरली, तीन आठवड्यांत मी चालायला लागले, लचकच होती असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मग संक्रांतीच्या सुमारास ओट्यावरून उतरताना गुडघा निसटला. महिनाभरात तीनदा निसटला.

जळगावला डॉक्टरांनी गुडघा थोडा वाकवला, एका हाताने मांडी धरली आणि दुसऱ्याने नडगी पुढे ओढली. उजव्या पायाची नडगी जागेवर अडली. डाव्या पायाची पुढे सरकत गेली, मला डोळ्यांनी दिसली. नडगी अशी पुढे सरकू नये म्हणूनच तर तो लिगामेंट असतो. एमआरआयमध्ये तो पूर्ण तुटलेला आणि गुडघ्यातल्या दोन हाडांमधल्या गादीची कडही फाटलेली. पूर्ण तुटलेला एसीएल चोळून जुळत नाही, आणि गुडघा निसटतो तेव्हा दर वेळी गादीला मार बसू शकतो. ते आठवडे गेले याचं मला अजून वाईट वाटतं. खेळताना 'कट' झालं आणि लगेच सूज आली तर आधी हाडांच्या डॉक्टरकडे जा, एवढं माझं ऐका.

2 मार्च 2023 ला दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. मांडीच्या मागच्या स्नायूची शीर काढून नवा लिगामेंट बसवला, फाटलेली कड साफ केली. घरी आल्यावर पाय दुखायचा, म्हणून मायने गुडघ्याखाली मऊ उशी ठेवली. इतकं बरं वाटायचं! रात्रंदिवस ती उशी तिथेच.

बाराव्या दिवशी टाके काढायला गेले. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी टॉवेलची गुंडाळी केली, टाच तिच्यावर ठेवली आणि गुडघ्याखाली स्वतःचा हात घातला. उजव्या पायापेक्षा चार बोटांचा फरक. म्हणाल्या, "मांडीचं नंतर बघू. आधी हा सरळ कर. उशी आजपासून बंद." गुडघा पूर्ण सरळ झाला नाही तर मांडीचा पुढचा स्नायू नीट आवळत नाही, चाल लंगडी राहते, आणि सांध्यात वण भरत गेला की सरळ होणं आणखी अवघड. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, की सांगितलं आणि मीच ऐकलं नाही, ठाऊक नाही.

मग घरी तेच सुरू झालं. टाच गुंडाळीवर, गुडघा अधांतरी, दहा मिनिटं, दिवसातून पाच वेळा. पायाच्या वजनानेच तो खाली यायचा, मागची शीर अशी ताणायची की मी दात आवळून छताचे वासे मोजायचे. झालं की माय भाकरीचे हात धुऊन यायची आणि आडवी बोटं गुडघ्याखाली सरकवून बघायची. तीन. आठवड्याने दोन. मग बरेच दिवस दोनच, तेव्हा मी खूप रडले. शेवटी एके संध्याकाळी तिने बोट घालून पाहिलं, करंगळी घालून पाहिली आणि म्हणाली, "आते बोट जात नही." आता बोट जात नाही!

मांडी तर पार उतरली होती. शिंप्याच्या टेपने उजवी 46 सेंटीमीटर, डावी 42. मायने जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवली, त्यात किलोभर गहू भरला, तो घोट्याला बांधून पाय उचलायचे. एप्रिलच्या उन्हात बर्फ टिकेना, म्हणून किराणा दुकानवाले त्यांच्या फ्रीजरमध्ये पाण्याच्या पिशव्या ठेवू द्यायचे.

22 एप्रिलला आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. निंबावर झोके, मैत्रिणी माहेरी आलेल्या, आमरस, मांडे. पाय दुखत नव्हता, मी उभ्याने झोका घ्यायला निघालेही होते. पण नवा लिगामेंट पहिल्या दोन-तीन महिन्यांत सर्वांत कच्चा असतो, आणि दुखत नाही म्हणूनच तो काळ फसवा. मी खाली उभी राहून दोर ओढला.

7 ऑक्टोबरला हांगझोऊच्या आशियाई खेळांत आपल्या मुलींनी कबड्डीत चिनी तैपेईला 26–25 ने हरवून सुवर्ण घेतलं, भारताचं त्या स्पर्धेतलं शंभरावं पदक. मोबाइलवर बघताना मैदानाची ओढ अनावर झाली. पण सात महिनेच झाले होते. नऊ महिन्यांआधी खेळात परतलेल्यांचा गुडघा पुन्हा तुटण्याचा धोका जास्त असतो. डिसेंबरात एका पायावर उड्यांची चाचणी झाली, डावा पाय उजव्याच्या 90 टक्क्यांवर गेला, तेव्हाच सराव सुरू केला.

त्या ज्युनिअर मुलीला मी पहिला प्रश्न विचारला, "गुडघ्याखाली काय आहे?" ती म्हणाली, "उशी, ताई." रविवारी तिच्याकडे जातेय. एक टॉवेल घेऊन, आणि मायलाही सोबत नेतेय, तिच्या आईला बोटं कशी घालायची ते दाखवायला.